तुम्ही विचारलंत म्हणून: नाटकातला हुकमी विनोदी नट सिनेमात फिका का पडतो?

हा प्रश्न बहुतेक वेळा नटाच्या कुवतीवर शंका घेऊन येतो. अडचण कुवतीची नसते. रंगमंचावर त्याचं टायमिंग प्रेक्षक सांभाळत असतात, आणि सेटवर ते नसतात.

नाटकात हशा उसळला की नट थांबतो आणि तो ओसरायला लागताच पुढचं वाक्य टाकतो. घाई केली तर वाक्य हशात बुडतं, उशीर केला तर प्रयोग थंडावतो. सेटवर मात्र शॉट चालू असताना कुणी हसत नाही. मग नट न आलेल्या हशासाठी जागा सोडतो, किंवा शांततेला घाबरून आवाज चढवतो. दोन्ही पडद्यावर लगेच दिसतं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी म्हणून उडवलेली भुवई क्लोजअपमध्ये तर अंगावर येते.

दुसरी अडचण उत्स्फूर्ततेची. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, 'काय' म्हणताना टोपी काढली असेल, तर क्लोजअपलाही त्याच शब्दावर काढावी लागते. नाहीतर एडिटरला जोड मिळत नाही आणि उत्तम टेक वाया जातो. म्हणून ऐनवेळी सुचलेली गंमत तालमीतच दिग्दर्शकाला दाखवून पक्की करावी. समोरच्याच्या क्लोजअपला, ध्वनी थेट घेत असतील तर, त्याच्या वाक्यावर आपलं वाक्य चढवू नये. आणि त्याचं बोलणं खरोखर ऐकावं. विनोदी नटाच्या हातून नेमकं हेच निसटतं, कारण त्याचं मन पुढच्या हशाकडे असतं. कॅमेऱ्याला ते डोळ्यांत दिसतं.

दादा कोंडके यांनी हा बदल फार शहाणपणाने केला, असं आमचं मत आहे. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधला त्यांचा हवालदार तिखट जिभेचा. प्रयोगागणिक त्यात ताज्या कोपरखळ्या यायच्या. सिनेमात अशी भर घालता येत नाही, आजची कोपरखळी वर्षभरात शिळी होते. १९७१च्या 'सोंगाड्या'त, तोही सबनीसांनीच लिहिलेला, त्यांनी भोळा नाम्या उभा केला. तो भाबडेपणा आजही ताजा वाटतो.

लक्ष्मीकांत बेर्डे यांची वाट वेगळी. 'टूरटूर' नाटकातला वेग त्यांनी सिनेमात नेला आणि तो चाललाही. पण १९९२च्या 'एक होता विदूषक'मध्ये, पुलंच्या लेखणीतून आलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या भूमिकेत, त्यांनी तो वेग आवरला. समोरचा बोलत असताना त्यांचा चेहरा बघा, ते उत्तर द्यायची घाई करत नाहीत. त्यांना फक्त धांदलीच्या विनोदाचे नट म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट नीट बसून पाहिला पाहिजे.

आणि 'मग गंभीर भूमिका कधी घ्यावी?' असंही विचारता. विनोदी भूमिकेतच एखादा प्रसंग हशाशिवाय पेलून दाखवला की घ्यावी.