लाकडी घोडे, आईची नजर आणि ब्रुकलिन

रविवार, रात्री उशिरा

आज आईला घेऊन ब्रुकलिनला गेले, खूप दिवस मनात होतं. न्यूयॉर्कला आलेल्या पाहुण्यांना आपण टाइम्स स्क्वेअर आणि पुतळा दाखवतो, पण आईला मला जुने मेरी-गो-राऊंड, म्हणजे इथल्या भाषेत कॅरोसेलच, दाखवायचे होते. कारण माझे आजोबा, म्हणजे तिचे बाबा सुतार, लाकूड बघायची तिची नजर वेगळी आहे, आणि गेली काही वर्षं मला या कॅरोसेलचं जे वेड लागलंय ते तिलाच नीट कळेल असं वाटत होतं.

आधी जेन्स कॅरोसेल. ब्रुकलिनच्या डंबो भागात, अगदी नदीच्या काठावर, दोन पुलांच्या मधे, चारी बाजूंनी पारदर्शक अशा पॅव्हेलियनमध्ये आहे, ते पॅव्हेलियन जाँ नुवेल या फ्रेंच आर्किटेक्टचं. कॅरोसेल मात्र 1922 चं, फिलाडेल्फिया टोबॉगन कंपनीने ओहायोतल्या यंग्सटाउनच्या आयडोरा पार्क या अम्युझमेंट पार्कसाठी बनवलेलं. 48 घोडे आणि दोन रथ. एप्रिल 1984 मध्ये त्या पार्कला मोठी आग लागली, त्याच वर्षी पार्क कायमचं बंद झालं आणि सगळं लिलावात निघालं. तेव्हा अमेरिकेत जुन्या कॅरोसेलचे घोडे सुटे सुटे विकले जायचे, एकेका घोड्याला संग्राहक चांगली किंमत द्यायचे, आणि घोडे गेले की उरलेल्या सांगाड्याला कोण विचारतंय! अशी कितीतरी कॅरोसेल मोडली. हे मात्र बचावलं कारण जेन वॉलेंटस आणि त्यांचे मिस्टर डेव्हिड यांनी ते 3,85,000 डॉलरला अख्खं विकत घेतलं.

आणि मग जेनबाईंनी जे केलं ते मी आईला दोनदा सांगितलं तरी माझं समाधान होईना. साठ-सत्तर वर्षं दर काही सीझनला घोड्यांवर नवा रंग थापला गेला होता, त्याचे थरावर थर. ते त्यांनी बारीक ब्लेडने, हाताने, खरवडून काढले, खालचा मूळ रंग सापडेपर्यंत, मग त्याची नोंद ठेवून तसाच रंग पुन्हा दिला, सोन्याचा वर्ख लावला. वर्षानुवर्षं हेच काम. शेवटी सप्टेंबर 2011 मध्ये ते इथे लोकांसाठी सुरू झालं. पुढच्याच वर्षी सँडी वादळात नदीचं पाणी पॅव्हेलियनच्या भोवती चढलं, मशिनरीला फटका बसला, पण घोडे वाचले आणि ते परत सुरू झालं. जेनबाई 2020 मध्ये गेल्या. मला त्यांना एकदा तरी भेटायला हवं होतं असं प्रत्येक वेळी वाटतं.

आई आधी बसलीच नाही. बाहेरच्या रांगेतल्या एका घोड्याजवळ उभी राहून त्याच्या पायावरून हात फिरवत होती. "अगं, पायाचं लाकूड वेगळं जोडलंय बघ, रेषा उभी धरलीये, नाहीतर पाय मोडला असता." मी कुठेतरी वाचलेलं तिने नुसतं बोटांनी ओळखलं! खरंच तसंच असतं, अख्ख्या ओंडक्यातून घोडा काढत नाहीत, लाकडाचे ठोकळे सरसाने जोडून पोकळ पेटीसारखं धड करतात, म्हणजे वजन कमी आणि लाकूड तडकत नाही, आणि डोकं, पाय, शेपूट वेगळं कोरून बसवतात. मग म्हणाली, या अंगाला एवढी नक्षी आणि त्या अंगाला साधंच का गं? कारण अमेरिकेतली कॅरोसेल घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, बाहेर उभ्या असलेल्या लोकांना घोड्याची उजवी बाजूच दिसते, सगळी कारागिरी तिथेच. इंग्लंडमध्ये फिरायची दिशा उलट, म्हणून तिथे डावी बाजू सजवलेली. आणि आतल्या रांगेतले घोडे लहान आणि साधे. मग ती बसली, पदर खोचून, खांबाला दोन्ही हातांनी धरून, आणि फेरी संपल्यावर म्हणाली अजून एक तिकीट काढ.

दुपारी सबवेने कोनी आयलंड, ब्रुकलिनचाच समुद्रकिनारा. तिथे बी अँड बी कॅरोसेल आहे, 50 घोडे, बहुतेक चार्ल्स कार्मेल यांनी कोरलेले, पण एक घोडा मार्कस इलियन्स यांचा, 1909 चा, लिंकनच्या जन्मशताब्दीचा, त्याच्या साजावर चक्क लिंकनचा चेहरा कोरलाय. 2005 मध्ये हेही लिलावात जाणार होतं, तेव्हा न्यूयॉर्क शहराने 18 लाख डॉलर देऊन ते घेतलं, ओहायोत नेऊन दुरुस्त करून घेतलं आणि 2013 मध्ये बीचजवळ नव्या जागेत परत सुरू केलं. मला हे फार म्हणजे फार योग्य वाटतं, सरकारी पैसा असा खर्च व्हावा, कारण तिथे आज रांगेत उभी असलेली पोरं कुठल्या कुठल्या देशातली होती आणि सगळ्यांना तोच पुढचा मोठा घोडा हवा होता.

इलियन्स, कार्मेल, स्टाइन, गोल्डस्टाइन हे सगळे पूर्व युरोपातून आलेले ज्यू कारागीर. इलियन्स सिनेगॉगसाठी सिंह कोरायचे, त्याच हातांनी जत्रेतले घोडे. कोनी आयलंडचे घोडे म्हणूनच इतके आवेशात असतात, फुललेल्या नाकपुड्या, उडणारी आयाळ, अंगावर काचेचे खडे. आई म्हणाली आमच्याकडे पण रथ करणारा सुतार आणि देवाचा पाळणा करणारा सुतार एकच असायचा, त्यात काय विशेष. तिला ते इतकं साहजिक वाटलं!

संग्रहालयात काचेआड एकेकटा ठेवलेला घोडा मीही पाहिलाय, सुंदरच असतो, जवळून बघता येतो. पण तो वर-खाली होत नाही, शेजारी दुसरा घोडा नाही, ऑर्गन वाजत नाही, कोणी पोरगं त्याची मान धरून बसत नाही. दुरुस्ती करायची तर ती फिरण्यासाठी करावी, रंग झिजला तर झिजू दे, परत देता येतो, असं माझं आता पक्कं मत झालंय आणि आईचंही तेच.

पुढच्या उन्हाळ्यात मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर जायचं ठरलंय, तिथलं फ्लाइंग हॉर्सेस नावाचं कॅरोसेल 1876 चं आहे, अमेरिकेतलं चालू असलेलं सगळ्यात जुनं प्लॅटफॉर्म कॅरोसेल (म्हणजे खाली फिरती फळी असलेलं), घोड्यांना खऱ्या केसांच्या शेपट्या आहेत आणि फिरता फिरता हात लांब करून कड्या ओढायचा खेळ अजून चालतो, पितळी कडी मिळाली की एक फेरी फुकट. आईचा व्हिसा तेव्हापर्यंत आहे. फेरीबोटीची तिकिटं लवकर संपतात म्हणे, उद्याच बघते.