तुम्ही विचारलंत म्हणून: पार्ट कुठून आणता?

पेट्रोल पंपावर माझी जुनी प्रीमियर पद्मिनी लावली की प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "काका, ही अजून चालते?" चालवतच आलेलो असतो, तरी विचारतात. दुसरा, "द्यायची आहे का?" आणि तिसरा, जो खरा गाडीवेडा असतो तोच विचारतो, "पार्ट कुठून आणता?" पहिल्या दोघांना हसून उत्तर देतो. तिसऱ्याला इतकी वर्षं "मिळतात इकडेतिकडे" म्हणून कटवत आलोय. गेल्या महिन्यात नाशिकच्या गंगापूर रोडवर एका पोराने मात्र सोडलं नाही. आजोबांकडे होती तशी पद्मिनी त्याला घ्यायची आहे, थोडे पैसे साठवलेत, आणि फोनवर फोटो बघून एक जवळजवळ ठरवलीसुद्धा आहे. त्याला म्हटलं, थांब, नीट सांगतो. नीट सांगायला बसलो तर एवढं झालं.

माझी गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर हँड गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ही मूळची इटलीची फियाट ११००. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'डिलाइट' या नावाने निघाली, मग 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. त्याआधीची उलट्या दारांची, गोलमटोल, ती डुक्कर फियाट. तिच्या वाटेला मी गेलो नाही, जाणारही नाही. तो श्रीमंतांचा आजार आहे. माझी मी २०११ साली ४५,००० रुपयांना घेतली. तेव्हा सातपूरला टूलरूममध्ये होतो. आयुष्य मायक्रॉनमध्ये मोजण्यात गेलेलं, त्यामुळे वाटलं, चाळीस हॉर्सपॉवरच्या गाडीत आपल्याला काय अवघड आहे?

इंजिन खरंच अवघड नव्हतं. नवखा माणूस बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत बसतो, आणि नेमकं तेच या शहरात सगळ्यात सहज सुटणारं कोडं आहे. बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतो, क्रँक ग्राइंड करून मिळतो. किंगपिनचे बुश मी अंबडमध्ये एका लेथवर दोन चहांच्या वेळात करून घेतले. गॅस्केट कापून देणारे आहेत, क्लच प्लेटला नवं फेसिंग मारून देणारे आहेत. पूर्वी पद्मिनीचं इंजिन न येणारा मिस्त्री शोधावा लागला असता. आता इग्निशनच्या पॉइंटचा गॅप डोळ्याने लावणारे म्हातारे झालेत, पण आहेत.

जे बनत नाही ते बघा. पुढची काच. दाराच्या कोपऱ्यातली तिकोनी काच. ग्रिल. टेललाइटचं भिंग, खिडकीभोवतीची चकाकती पट्टी, डिकीवरचा मोनोग्राम. आणि सगळ्यात आधी पत्रा. फ्रिजवर चिकटवायचं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेवरून, मडगार्डवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालचं मॅटिंग उचला. डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखाली बघा. मालक म्हणेल, "तिथे काय बघताय?" तिथेच बघायचं असतं.

आपल्या जिल्ह्यात गाडी कुठे उभी होती यावरून अर्धा सौदा ठरतो. इगतपुरीच्या पावसात दहा वर्षं काढलेली गाडी आणि येवल्याच्या उन्हात काढलेली गाडी, दोघी एकाच वर्षाच्या असल्या तरी बहिणी वाटणार नाहीत. येवल्याची फक्त रंगाने फिकी पडलेली असते. निफाड, पिंपळगावकडची असेल तर एकच गोष्ट विचारा: द्राक्षांच्या शेडमध्ये होती का? द्राक्षांवरच्या भुरी रोगासाठी धुरळायचं गंधक आणि बोर्डो मिश्रणासाठीचं मोरचूद ज्या शेडमध्ये ठेवतात, तिथे उभ्या गाडीचं क्रोम आणि पत्रा दोन्ही कुरतडले जातात. पाऊस वरून खातो, हे आतून. शिवाय उंदीर. वायरिंग नवीन करायचंच आहे असं धरूनच भाव करा.

कागदांचं थोडक्यात. चेसिस नंबर पेन्सिलने कागदावर घासून घ्या आणि आरसीशी ताडा, मग बाकीचं बोला. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरण येतं. कारचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. पर्यावरण कर वेगळा. लोक म्हणतात, "तुमची विंटेज ना, तुम्हाला काय!" विंटेजच्या नोंदणीला गाडी ५० वर्षांची लागते, मूळ रूपात लागते, शुल्क २०,००० आहे, आणि ती रोज रस्त्यावर फिरवायची नसते. माझी २०३४ पर्यंत नुसतीच जुनी आहे. आणि हो, पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय. जुनी रबरी पेट्रोल लाइन आणि ए.सी. पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा त्याने फुगतो, तडकतो, आणि मग गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. गाडी आणल्याच्या आठवड्यात ते बदला, रंगाचं नंतर बघा. आपल्याच उसाने आपलीच गाडी जाळायला नको.

आता पार्ट. इतकी वर्षं पद्मिनीचे पार्ट मिळत होते ते आम्हा हौशी लोकांमुळे नव्हे, मुंबईच्या टॅक्सीमुळे. हजारो काळ्यापिवळ्या रोज ब्रेक झिजवत होत्या, म्हणून कुर्ल्याच्या दुकानात ब्रेक शू होते, वॉटर पंप होता. त्या झिजवायच्या, आम्ही स्वस्तात घ्यायचो. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा लागली आणि एकामागोमाग गाड्या खोलायला येऊ लागल्या, तेव्हा तर आमची दिवाळी होती. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दारं, डायनामो, सेल्फ, गिअरबॉक्स रचून ठेवलेले असायचे. कसारा घाट उतरून जायचो आणि डिकी भरून वर यायचो. येताना घाटात गाडी तापायची, ए.सी. पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास बसायचं, त्याचंही काही वाटायचं नाही. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी शेवटची पद्मिनी टॅक्सीही २० वर्षांची झाली. बातम्यांमध्ये लोक गहिवरले. मीही गहिवरलो, पण माझं कारण वेगळं होतं. त्यानंतर दोनदा कुर्ल्याला गेलो. ओळखीच्या दुकानदाराने चहा पाजला आणि हात हलवले. "जेवढा होता तेवढा माल, साहेब. आता कोण खोलणार?"

नाशिकमध्ये म्हणाल तर अंबड लिंक रोडचा भंगार बाजार. २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने मोठ्या बंदोबस्तात तो हटवला, नंतर तो पुन्हा जमला. भंगारवाल्याकडे जायची एक रीत आहे. आपली पद्मिनी घेऊन जायचं नाही, स्कूटरवर जायचं. काय हवंय ते लगेच सांगायचं नाही. त्याच्याकडे सगळं किलोवर असतं, पण तुम्ही ज्या वस्तूला हात लावाल ती किलोतून उठून नगात जाते. आधी दोनचार भलतेच लोखंडाचे तुकडे उचलून बघायचे, भाव विचारायचा, खाली ठेवायचे, आणि मग जाताजाता, "ते काय आहे हो?" मला हे नाटक अजून जमत नाही. माझा चेहरा सांगतो. बायको बरोबर असली की तिला पुढे करतो. तिला खरोखरच त्यातलं काही नको असतं.

आमच्या मंडळींत आपसात मात्र पैशाने व्यवहार फार कमी. नाशिक, नगर, धुळे मिळून आम्ही पंधरा-वीस जण असू. मी कोणाला बुश करून देतो, तो मला हेडलाइटची रिंग देतो. जुन्या दुकानाच्या माळ्यावर एखाद्याला डब्यातलं न वापरलेलं टेललाइट सापडलं तर त्याचा फोटो आधी फिरतो, मग फोन बंद ठेवायची वेळ येते.

इथपर्यंतचं उत्तर मी पंपावरही देऊ शकलो असतो. पुढचं देत नव्हतो.

२०१६ मध्ये नाशिकच्या द्वारका चौकात एक टेम्पो रिव्हर्स येत माझ्या गाडीच्या तोंडावर बसला. ग्रिल, बोनेट, पुढची काच, सगळं एका दणक्यात गेलं. त्याच सुमारास निफाडजवळच्या एका गावातून निरोप आला की निवृत्त गुरुजींची १९८२ ची पद्मिनी द्यायची आहे. भंगारवाले येऊन गेले होते, त्यांना गुरुजींनी अंगणातूनच परत पाठवलं होतं. "कापायला देणार नाही," एवढंच म्हणायचे. माझ्याबद्दल त्यांना कोणीतरी सांगितलं, हौशी माणूस आहे, नीट ठेवील. ३०,००० ला दिली. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी म्हणालो, "गुरुजी, नीट करतो हिला." खोटं बोलत नव्हतो. महिनाभर तरी नव्हतो.

मग माझ्या गाडीला काच हवी होती, आणि काच समोर होती. मग बोनेट. मग म्हटलं, दारं तरी कशाला ठेवायची, रंग एक सारखा होईल. गिअरची लिंकेज माझ्यात ढिली होती, ती काढली. वर्षभरात गुरुजींच्या गाडीचा सांगाडा उरला आणि तो मी किलोवर दिला. नोंदणी रद्द करायला कायद्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, मी सहा महिन्यांनी गेलो. तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणा.

बोचतं ते वेगळंच. नवी बॅटरी लावल्यावर ती गाडी चौथ्या सेल्फला चालू झाली होती. तिचा फ्लोअर अखंड होता, डिकीत स्टेपनीखाली कंपनीचा रंग शाबूत होता. माझ्या गाडीच्या फ्लोअरवर दोन ठिकाणी वेल्डिंगची ठिगळं आहेत आणि दारांच्या खाली किती पुट्टी आहे हे चुंबकाशिवाय मलाच माहीत आहे. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून एखाद्या तिसऱ्याला विचारलं असतं, तर त्याने क्षणात सांगितलं असतं की कापायची ती माझी. पण माझीवर नुकताच रंगाला खर्च केला होता, आणि ती माझी होती.

गुरुजी दर दसऱ्याला फोन करायचे. "गाडी धुतली का? हार घातला का?" मी म्हणायचो, "हो गुरुजी." झेंडूचा हार ग्रिलवर असायचा आणि ग्रिल त्यांचंच होतं, तेवढं खरं. २०२२ मध्ये ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशिकला आले. घरी सोडायला मी गाडी घेऊन गेलो. दुसरी गाडी मागून आणता आली असती, नाही आणली. डोळ्याला पट्टी, त्यामुळे वाटलं कळणार नाही. त्यांनी पुढे येऊन बोनेटवर हात फिरवला, डाव्या कडेला एक छोटा पोचा आहे तिथे बोट थांबलं.

"बोनेट आमचं आहे," ते म्हणाले.

आत बसले. निफाड येईपर्यंत कांद्याच्या भावावर बोलले. उतरताना गिअरचा दांडा एकदा वरखाली करून बघितला आणि म्हणाले, "हा पण."

त्यानंतरही दसऱ्याला फोन येत राहिला. "हार घातला का" एवढंच विचारायचे, धुण्याचं विचारायचे नाहीत. आता दोन वर्षं झाली, फोन येत नाही.

तर पोरा, तू फोटोत दाखवलेल्या गाडीची मागची काच गेलेली आहे, तुझ्या लक्षात आलंय की नाही माहीत नाही. विकणाऱ्याने तिथे ताडपत्री लावून फोटो समोरून काढलाय. ती काच कुर्ल्याला मिळणार नाही. माझ्या माळ्यावर आहे, गुरुजींच्या गाडीची, एक ओरखडा नाही. आधी चुंबक घेऊन जा, स्टेपनीखाली बघ. पत्रा चांगला निघाला तर काच घेऊन जा, पैसे नकोत. येताना एक जाडशी गोधडी आण. ज्या गोधडीत ती गुंडाळलीय ती आईची आहे, ती मी देणार नाही.