कॅरीबॅगेतले रिले

मारुतीची जिप्सी टोचन करून आणली होती. मालकाने चावीच्या आधी माझ्या हातात एक कॅरीबॅग दिली. आत पाच रिले होते, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, सगळे काळे आणि चौकोनी. फ्लॅशरचा, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा, तेवढा लगेच ओळखता आला, कारण त्याच्यावर ४९ आणि ४९ए असे आकडे होते. बाकीचे चार कुठून निघाले, हे ज्याने काढले त्यालाही सांगता येत नव्हतं म्हणे.

गाडी सरकारी लिलावातली, १.३ लिटर पेट्रोल, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल घेणारी. मालक शिराळ्याकडचा, नोकरी सांगलीत, रान चांदोलीच्या जंगलाच्या अंगाला. पावसाळ्यात तिकडच्या चिखलात फोर बाय फोरशिवाय भागत नाही, म्हणून हौसेने घेतलेली. तक्रार एकच, आठ-दहा दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ वळत नाही. त्यावर आतापर्यंत बॅटरी बदलून झाली, अल्टरनेटर बदलून झाला, परत बॅटरी बदलून झाली. आमच्याकडे गाडी सकाळी सुरू झाली नाही की पहिला बळी बॅटरीचा. विकणाऱ्याला बरं, आणि काहीतरी नवीन बसवलं म्हणून गिऱ्हाईकही खूश.

शेवटी एका गॅरेजवाल्याने मीटर लावला, हे त्याचं चांगलं. बंद गाडीत करंट जातोय हे त्याला दिसलं. एकेक फ्यूज काढून पाहिला, पण आकडा हलेना. मग वैतागून त्याने दिसले तेवढे रिले उपटले आणि आकडा शून्यावर आला. म्हणजे चोरी झाली म्हणून अख्खी गल्ली उचलून चौकीत बसवली आणि आता चोरी थांबली म्हणून समाधान मानलं! रिले नसल्यावर इंजिन कुठून चालणार? गाडी पिशवीसकट सांगलीत शंभर फुटी रोडला माझ्याकडे, गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात.

खरं तर चालू राहिलेला रिले शोधायला मीटरही लागत नाही. कॉइलमधून सतत करंट जात असला की रिले कोमट राहतो. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी प्रत्येक रिलेवर बोट ठेवलं की जो गरम तो आपला माणूस. पण हे तो रिले जागेवर असला तरच. पिशवीत सगळेच गार.

मग टेबलावर मांडले. रिलेच्या पोटात दोनच गोष्टी, एक कॉइल आणि एक कॉन्टॅक्ट. मीटर ओहमवर ठेवून पिनांच्या जोड्या तपासायच्या. ज्या जोडीत सत्तर ते शंभर ओहमच्या आसपास मिळेल ती कॉइल. नुसतंच शून्य दाखवणारी जोडी असेल तर तो आधीपासून जुळलेला कॉन्टॅक्ट. उरलेला, कॉइलला बारा व्होल्ट दिल्यावर जुळणारा. बाजारातल्या रिलेवर ८५, ८६ म्हणजे कॉइल, ३० म्हणजे येणारी लाईन, ८७ म्हणजे जाणारी, असं छापलेलं असतं. जपानी पद्धतीच्या रिलेवर बहुतेकदा हे आकडे नसतात. आणि आकडे असले तरी डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. दोन रिले दिसायला सारखे, चार पिना त्याच जागी, पण एकात ३० आणि ८६ च्या जागा अदलाबदल झालेल्या, असे दोन्ही प्रकार बाजारात मिळतात. दुकानात जुना रिले दाखवून 'अस्साच द्या' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. काउंटरवरच्या पोराला ते माहीत नसतंच.

एक रिले छान टकटक करत होता. पण त्यातून हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब पेटवला तर उजेड पिवळा. कॉन्टॅक्ट जळालेले. टकटक वाजला म्हणजे रिले चांगला, ही समजूत कितीही सांगितलं तरी जात नाही. आवाज फक्त कॉइल ओढतेय एवढंच सांगतो. हा पुढे हेडलाइटचा निघाला, नंतर कुणीतरी जादा टाकलेला.

उरलेल्यांतले दोन अगदी जुळे. ते इंजिनचे असणार, हे त्यांच्या सॉकेटवरून ठरवलं. एका सॉकेटला चावी दिली की कॉइलला लाईन येते आणि चावी काढेपर्यंत राहते, तो मेन रिले, ईसीयूला म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला जेवण घालणारा. दुसऱ्याच्या कॉइलची अर्थ, म्हणजे निगेटिव्ह, ईसीयू देतो, तीही चावी दिल्यावर दोन-तीन सेकंदच. तो पेट्रोल पंपाचा. इथे टेस्ट लॅम्प नाही, मीटरच लावायचा. ईसीयूच्या पिनेला फिलामेंटचा बल्ब लावून ईसीयूच घालवणारे आमच्याच लाईनीत आहेत. दोन्ही बसवून चावी दिली, मागे टाकीत पंप गुरगुरला आणि थांबला. सेल्फ मारल्यावर इंजिन लगेच लागलं. मालक म्हणाला, "झालं की मग!"

कुठलं झालं? पाचवा हातात तसाच होता. पाच पिनांचा, ८७ए असलेला, म्हणजे कॉइल बंद असताना ३० ची लाईन ८७ए कडे आणि चालू झाली की ८७ कडे. आणि गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये त्याला जागाच नव्हती. आमच्या बारक्याने डॅशबोर्डखाली मान घालून कार्पेटच्या मागे एक मोकळं सॉकेट शोधलं. रिले त्यात बसवला तसा चावी न देताच टक्क वाजला. मीटरवर ०.१५ अँपिअर. दिवसाला साडेतीन अँपिअर-तास धरा, ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवडा-दहा दिवसांत बसणार. लाईन थेट बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजने घेतलेली, म्हणून फ्यूज बॉक्सवर काही सापडत नव्हतं.

चोर सापडला, पण तो इथे करतो काय? वायर धरून धरून मागे गेलो. ३० वर स्टिअरिंगच्या हॉर्न बटणाची वायर. ८७ए वरून हॉर्नकडे. ८७ वरून एक जाड वायर बॉनेटमध्ये जाऊन कापलेली, तोंडाला टेप. तेव्हा उलगडलं. हूटर होता, सरकारी गाड्यांवरचा भोंगा! डॅशबोर्डवर स्विच. स्विच बंद असला की बटण दाबल्यावर हॉर्न, चालू केला की त्याच बटणाने हूटर. गाडी लिलावात काढताना हूटर उतरवला, स्विचही काढला आणि स्विचच्या दोन मोकळ्या वायरी कुणीतरी एकमेकींना पीळ मारून टेप गुंडाळली. म्हणजे स्विच कायमचा चालू. कॉइल दिवसरात्र ओढलेली आणि हॉर्नचं बटण जोडलेलं, आता गाडीत नसलेल्या हूटरला.

"हॉर्न कशाने वाजवता?" मी विचारलं. त्याने गिअरच्या मागे बसवलेलं बेलचं बटण दाखवलं. स्टिअरिंगचा हॉर्न बंद होता म्हणून कुणीतरी ते लावून दिलेलं. दोन्ही रोग एकच, पण दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळी बिलं केली.

ज्याने हूटरचं काम मूळ केलं त्याचं मात्र कौतुक वाटलं. प्रत्येक जोड सोल्डर केलेला, वर स्लीव्ह, कापडी टेप, वायर कुठेही पत्र्याला घासत नव्हती. इतकं स्वच्छ काम आज पैसे देऊनही होत नाही. आणि ते बिघडवायला दोन वायरींचा एक पीळ पुरला.

मी रिले काढला, ३० आणि ८७ए ची वायर सोल्डरने जोडली, बॅटरीवरची लाईन मुळापासून सोडवली. स्टिअरिंगचा हॉर्न वाजला तेव्हा मालक लहान पोरासारखा दोनदा-तीनदा वाजवत बसला. बिल ऐकल्यावर मात्र, "मामा, पार्ट तर काहीच घातला नाही तुम्ही." दोन बॅटऱ्यांचे पैसे न बोलता दिलेला माणूस! शोधण्याचे पैसे असतात हे लोकांना पटत नाही. थोडे कमी केले, नाइलाजाने.

पण माझ्या डोक्यात राहिलंय ते पुढचं. तो म्हणाला, "वायरिंग हायच, तर हूटर बसवून द्या की. गवे येतात ओ रानात. रात्री नुसत्या बॅटरीच्या उजेडाला भीत नाहीत." मी नाही म्हटलं. मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम, असले भोंगे रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस असल्यांनाच. दुसऱ्याला हे सांगताना मला जड जात नाही. शहरात मिरवायला मागणारे रोज येतात, त्यांना दारातूनच परत लावतो. पण हा मिरवणारा नव्हता. त्या बाजूला गवे उभं पीक तुडवतात हे खोटं नाही.

खोपीवर लाव म्हटलं, वेगळी बॅटरी, वेगळा स्विच, मी येऊन वायरिंग करून देतो. तो म्हणाला, रान चार ठिकाणी आहे, खोप एका ठिकाणी. यावर मला उत्तर सुचलं नाही. रस्त्यावर स्विच बंद ठेवीन, असंही म्हणाला आणि मला वाटतं त्याने ठेवलाही असता. पण गाडी उद्या विकली की तो स्विच कुणाच्या हातात जाईल?

जाताना तो पाच पिनांचा रिले मागून घेतला त्याने. कॉइल तापून तापून तपकिरी पडलीय, भोंग्याला नवाच घे, असं सांगून दिला. कुठल्या भोंग्याला, ते मी विचारलं नाही.