बेसनाचे लाडू आणि नऊ व्होल्टची बॅटरी

नागपूरच्या मावशीच्या गच्चीतल्या कुंड्या दर उन्हाळ्यात करपतात, म्हणून तिच्यासाठी पाणी सोडणारं यंत्र करून नेत होतो. आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर, रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच, मातीचा ओलावा ओळखणारा सेन्सर, सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून ब्रेडबोर्डवर, म्हणजे भोकाभोकांच्या पाटीवर, रंगीत वायरींनी जोडलेलं, शेजारी नऊ व्होल्टची बॅटरी. ठाण्यात कोपरीहून निघताना आईने त्याच सॅकमध्ये बेसनाच्या लाडवांचा डबा कोंबला.

विमानतळावर सिक्युरिटीला पट्टा थांबला. मागे आला, पुन्हा पुढे गेला. पडद्यासमोरच्या जवानाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

"हे काय आहे?"

"टायमर आहे, सर."

शब्द तोंडातून गेला आणि मीच चरकलो. दुसरा शब्द सुचू नये?

एक्स-रेच्या पडद्यावर धातू निळे दिसतात, सेंद्रिय पदार्थ केशरी. बरीचशी स्फोटकंही केशरीच. म्हणजे आईचे लाडू घट्ट केशरी गोळे, आणि त्यांना चिकटून वायरी नि बॅटरी! 2007 साली अमेरिकेत बोस्टनच्या लोगन विमानतळावर स्टार सिम्पसन ही तिथल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाची विद्यार्थिनी स्वेटशर्टवर असाच ब्रेडबोर्ड लावून गेली होती. चमकणारे एलईडी, नऊ व्होल्टची बॅटरी, हातात मुलांची खेळायची माती. पोलिसांनी बंदुका रोखून तिला धरलं. डिप्लोमाला असताना आम्ही त्या पोलिसांना यथेच्छ हसलो होतो. आता तिच्या मातीच्या जागी माझे लाडू होते.

हातमोजे घातलेल्या एका मॅडमनी कापडाची छोटी पट्टी ब्रेडबोर्डवरून, डब्यावरून, माझ्या तळहातांवरून फिरवली आणि स्फोटकांचे कण शोधणाऱ्या यंत्रात सरकवली. ते काही सेकंद मी छताकडे बघत होतो. काही निघालं नाही.

"दादा, चालू करून दाखवा."

बॅटरी जोडली. टक्! रिले वाजला, एक जवान अर्धं पाऊल मागे सरला. सेन्सर कोरडा म्हणून पाणी सुरू, मी घाईने समजावलं, आणि ओला झाला की बंद. पाणी कुठून आणणार? सेन्सर मुठीत धरला. टक्. बंद.

"घामावर पण चालतं की," मॅडम म्हणाल्या. तेव्हा कुठे कोणीतरी हसलं. बॅटरी काढून वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगितलं, झालं. पंचवीस मिनिटं गेली.

"सगळं चेक-इनमध्ये टाकायचं ना," असं भाऊ नंतर म्हणाला. त्याला काय जातंय बोलायला! त्याच सॅकमध्ये पॉवर बँक होती, ती केबिनमध्येच न्यावी लागते.

परत येताना मावशीने संत्र्याची बर्फी दिली. ती मात्र चेक-इनमध्ये टाकली.