रांजणवाडी, पट्टी आणि फेलोशिप

एमबीबीएस, मग नेत्रविज्ञानात एम.एस. आणि त्यावर पुन्हा दोन वर्षांची फेलोशिप फक्त पापण्या, अश्रुमार्ग आणि डोळ्यांच्या खोबणीसाठी, हे ऐकून रामबागेतल्या मावशीने विचारले होते, "अगं, पापणीत शिकायला इतके असते तरी काय?"

खोबणीबद्दल मी तिला लगेच सांगू शकले. सात हाडांनी बनलेली ती जागा जेमतेम 30 मिलिलिटरची असते, नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ असते आणि तिथे मागे साचलेले रक्त वेळीच मोकळे केले नाही, तर दृष्टी कायमची जाऊ शकते. पापणीचे उत्तर मात्र मलाच उशिरा कळले.

सुरुवातीचे कित्येक आठवडे माझ्या हातात चाकू नव्हे, मिलिमीटरची पट्टी होती. भुवई अंगठ्याने दाबून धरायची, रुग्णाला आधी खाली व मग वर पाहायला लावायचे आणि पापणी किती उचलली जाते ते मोजायचे. उचलणारा स्नायू बऱ्यापैकी चालत असेल तर तोच आखूड करायचा. तो 4 मिलिमीटरही चालत नसेल तर पापणी सिलिकॉनच्या दोरीने कपाळाच्या स्नायूला टांगायची. म्हणजे शस्त्रक्रिया कोणती, हे बहुतेक वेळा ओपीडीतच ठरते. एकदा फाटलेली पापणी शिवताना माझा पहिला टाका कडेच्या करड्या रेषेवरून किंचित सरकला आणि तिथे खाच दिसू लागली. सरांनी काही न बोलता तो कापला आणि सुई पुन्हा माझ्या हाती दिली.

इंदूरला परतल्यावर राजवाड्याकडच्या एक आजी आल्या. एकाच जागी तिसऱ्यांदा रांजणवाडी, तिथल्या केसांची गळती, आणि घरी उगाळलेल्या लवंगेचा लेप. (लवंगेवर माझा राग नाही, आमच्या घरीही तीच लावत.) आधी दोनदा गाठ खरवडली गेली होती, पण तुकडा तपासायला कोणीच पाठवला नव्हता. पापणीतल्या तैलग्रंथींचा कर्करोग नेमका असाच वेष घेतो आणि पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे तो अधिक आढळतो, म्हणून उतारवयात पुन्हा उद्भवलेल्या गाठीची बायोप्सी करायचीच, असा दंडक फेलोशिपमध्ये होता. अहवालात तोच निघाला.

वरच्या पापणीचा अर्ध्याहून अधिक भाग काढावा लागला. ती जागा खालच्या पापणीतून वर आणलेल्या ऊतींनी भरली आहे, त्यामुळे डोळा सहा आठवडे मिटलेलाच राहील. तो उघडायच्या दिवशी मिलिमीटरची पट्टी मी आधी काढून ठेवणार आहे.