आरसा, हवा आणि डोळा

अमावास्या, पहाट

ट्रॅपेझियममधला पाचवा तारा आज दिसला. मृगातल्या तेजोमेघाच्या ऐन गाभ्यात चार ताऱ्यांची जी लहानशी चौकट आहे, ती पहिल्या नजरेतच सुटी होते. पाचवा तारा, ज्याला सगळे नुसतं ‘ई’ म्हणतात, तो मात्र हवा शांत असली तरच. बराच वेळ चारच होते, तेही थरथरणारे. मग हवा दोन-तीन सेकंद थांबली आणि चौकटीबाहेर, एका ताऱ्याला अगदी खेटून, बारीकसा प्रकाशकण लखलखला. हवा हलली, गेला. पुढे कितीतरी वेळ तो असाच येत-जात राहिला. दुर्बिणीच्या ज्या आरशाने तो दाखवला तो मी हाताने घासलेला आहे, म्हणून ही नोंद झोपायच्या आधी व्हायलाच हवी.

आरसा १५० मिमी व्यासाचा, नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून जिथे किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमी. दोन काचा एकीवर एक ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडम या कठीण पदार्थाची पूड आणि पाणी, आणि घासत राहायचं. वरची काच मधून झिजते, खालची कडेने. त्यामुळे वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. अधूनमधून काच फिरवायची, आपणही टेबलाभोवती सरकायचं. कशाही सरकवल्या, फिरवल्या तरी एकमेकींना सगळीकडून टेकतील असे वक्र पृष्ठभाग फक्त गोलाचेच असतात, म्हणून तो आकार कुठलंही यंत्र न वापरता आपोआप येतो. जाड पुडीपासून सुरुवात करून पायरीपायरीने बारीक पुडीकडे जायचं, आणि प्रत्येक पायरीला टेबल, बादली, हात, नखं सगळं धुऊन काढायचं, कारण मागचा एक जाड कण राहिला तरी ओरखडा पडतो. एवढ्या घासण्यातून मधोमध किती खोली येते? जेमतेम १.१७ मिमी.

खरी गोडी त्यापुढे आहे. पिच म्हणजे डांबरासारख्या पदार्थाच्या थरावर सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची पूड लावून काच चकचकीत केली की ती गोलाकार आरसा होते, पण गोलाकार आरसा दूरच्या ताऱ्याचे सगळे किरण एका बिंदूत आणत नाही. त्यासाठी अन्वस्त (पॅराबोला) आकार लागतो. माझ्या आरशाच्या कडेपाशी या दोन आकारांतला फरक ०.०००३ मिमीहूनही कमी आहे, हिरव्या प्रकाशाच्या साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढा. तो तपासायला लागतं काय, तर एक बारीक छिद्रामागचा दिवा, एक ब्लेड आणि अंधारी खोली. लेओं फूकोची ही एकोणिसाव्या शतकातली चाचणी. आरशावरून परत आलेल्या किरणांच्या वाटेत ब्लेड हळूच सरकवायचं. आरसा निखळ गोलाकार असेल तर तो सगळा एकदम, सारखा करडा होतो. कुठे उंचसखल असेल तर तिथे उजेड-सावली उमटते.

चाचणी चालू असताना आरशावर बोट काही क्षण टेकवून काढलं, तर त्या जागी टेंगूळ उठलेलं दिसतं. बोटाच्या उबेने काच तेवढी फुगलेली असते! हळूहळू ते विरतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चाचणी राहिली बाजूला, तेच पुन्हापुन्हा करून पाहत बसले. काच इतकी हळवी असते आणि तरी माणसाचे हात तिला इतक्या अचूक आकाराला आणू शकतात, या गोष्टीचं मला आजही तितकंच अप्रूप आहे.

विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी युरेनस शोधला तो स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून. तिचा आरसा धातूचा आणि ६.२ इंचांचा होता, म्हणजे जवळपास माझ्या आरशाएवढाच. आकारातलं हे साम्य मला फार धीर देतं.

दुर्बिणीची बैठक डॉब्सोनियन आहे: प्लायवूडची पेटी, टेफ्लॉनचे तुकडे, बस. रामकृष्ण संघाच्या मठात राहिलेल्या जॉन डॉब्सनने ही साधी पद्धत रूढ केली आणि मोठी दुर्बीण सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली.

आज माळावर पोचल्यावर आधी दुर्बीण नुसती उघडी ठेवून दिली. आरसा बाहेरच्या हवेहून उबदार असला की त्याच्यावर ऊन हवेचा थर हलत राहतो, आणि मग तो कितीही नेटका घासलेला असो, चित्र खदखदतंच. डोळ्यांनाही अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतोच. सोबतचे अंधारातच गप्पा मारत होते, मंद लाल दिव्याखेरीज कुणी काही लावलं नाही. अशी शिस्त पाळणारी माणसं मिळणं ही आकाशदर्शनाची निम्मी कमाई.

आधी मृगातलाच तेजस्वी तारा राजन्य (रायजेल) पाहिला. त्याचा मंद सोबती साडेनऊ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दूर आहे आणि राजन्यच्या झगमगाटात बुडून जातो. आज तो सुटा दिसला, तेव्हाच वाटलं, ‘ई’ मिळणार.

तेजोमेघाचं चित्र कागदावर काढायला घेतलं. हे काम मी कधी टाळत नाही. फोटोत लाल-गुलाबी रंग येतात, आयपीसमधून (डोळ्याजवळच्या भिंगातून) मला करडी-हिरवट झाकच दिसते, आणि तरी सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरून निघालेला प्रकाश थेट डोळ्यात उतरतोय हे फोटो देऊ शकत नाही. पेन्सिल हातात असली की नजर जास्त वेळ एका जागी टिकते. वस्तूच्या किंचित बाजूला पाहायचं, म्हणजे मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी कामाला लागतात. आधी नुसता धूर होता. मग त्यात काळी खाच दिसली, मग दोन्हीकडे पसरलेले पंख, मग एका पंखाची कड दुसरीपेक्षा जास्त रेखीव आहे हे. आकाश तेच, आरसा तोच. वाढत होतं ते माझं पाहणं. आरशाचं पॉलिश संपलं, पण डोळ्याची तयारी अजून चालू आहे आणि ती संपू नये असंच मला वाटतं.

शेवटी काक्षीची, म्हणजे मृगातल्या तांबूस बेटेलज्यूज ताऱ्याची नोंद. २०१९ च्या अखेरीस हा तारा मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद), तेव्हा जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी अभ्यासकांच्या उपयोगी पडल्या. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूतून धूळ तयार झाली आणि तिने त्याला झाकलं, असं स्पष्टीकरण पुढे आलं. या नोंदीला दुर्बीण लागतच नाही. प्रश्वा या ताऱ्याची प्रत ०.३, रोहिणीची ०.९, या दोघांशी ताडून पाहायचं.

आजची नोंद: रोहिणीहून स्पष्ट उजळ, प्रश्वाहून किंचित मंद. ०.५. आकाश निरभ्र, वारा नाही.