आमची वाटचाल : बागेसाठी जागा, नकाशावर आणि नकाशाबाहेर

नगरपालिकांना बाग, खेळाचं मैदान, खुली व्यायामशाळा यांच्यासाठी जागा सुचवून देणं हे जळगावातल्या आमच्या छोट्या फर्मचं काम. सुरुवात झाली विकास आराखड्याचे कागद स्कॅन करून संगणकावर रेघा ओढण्यापासून. तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, शीटचे किती घेता? आता विचारतं, या चार जागांतली कुठली घेऊ?

सगळ्यात जास्त घाम गाव नकाशाने काढला. भूमी अभिलेखाकडचा कागद आकसलेला, घडीवर फाटलेला असतो. तो उपग्रह चित्रावर बसवायला पक्क्या खुणा लागतात : तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, न मोडलेला बांध. अशा निदान दहा, आणि त्याही चारी कोपऱ्यांत विखुरलेल्या. रस्त्याच्या वळणावर खूण टेकवू नये, रुंदीकरणात वळण सरकलेलं असतं. बसवण्याची पद्धत साधी एकघाती, म्हणजे अख्खा कागद एकसारखा ताणणारी-फिरवणारी, ठेवावी. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही कागद रबरासारखा हवा तिथे ताणणारी पद्धत वापरली की चूक शून्य दिसते. खरं तर ती खुणांच्या मधे जाऊन बसते आणि गटांच्या हद्दी वाकतात. आमचे पहिले काही नकाशे असेच सुबक आणि चुकीचे होते.

खानदेशाचं एक बरं आहे, नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत सगळं यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर या एकाच पट्ट्यात येतं. तरीही अक्षांश-रेखांशातल्या थरावर ४०० चा बफर, म्हणजे भोवतीचा घेर, मारून (तिथे ते मीटर नाही, अंश होतात) अख्खं जग एका बागेच्या टप्प्यात आणणारा नवा मुलगा अधूनमधून भेटतोच. आणि शेपफाइल या जुन्या प्रकारच्या नकाशा-फाइलीत मराठी नावं ठेवू नका. स्तंभाच्या नावाला १० बाइट मिळतात, देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते. ‘लोकसंख्या’चं नुसतं ‘लोक’ उरतं. आम्ही सगळं जिओपॅकेज या नव्या प्रकारच्या फाइलीत ठेवतो, काम क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर.

बाग घरापासून चालत पाच मिनिटांवर हवी, म्हणजे साधारण ४०० मीटर. हे अंतर वर्तुळाने मोजलं की हमखास फसगत. जळगाव, भुसावळात रुळाच्या दोन बाजूंची घरं नकाशावर दीडशे मीटरवर असतात, पुलावरून जायचं तर किलोमीटर पडतो. म्हणून अंतर रस्त्यांच्या जाळ्यावरूनच मोजायचं. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या मोफत नकाशाचे रस्ते पुरत नाहीत. तालुक्याच्या गावांत बोळ निम्मे गायब असतात, ते आम्ही हाताने काढतो. रेल्वे, नाला आणि चौपदरी रस्ता तुटका धरायचा, आणि फक्त पूल किंवा भुयारी मार्ग असेल तिथे जोडायचा. कंटाळवाणं काम आहे, पण याने उत्तर जेवढं बदलतं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही.

लोकसंख्येचे प्रभागवार आकडे २०११ च्या जनगणनेचे. ते प्रभागभर सारखे पसरवले तर वावरातही माणसं दिसतात. मग इमारतींच्या छपरांचं क्षेत्रफळ गुणिले मजले, या प्रमाणात लोक वाटून दिले. इथे दुसरा घोळ झाला : डाळमिल, जिनिंग आणि गोदामांच्या पत्र्यांनाही माणसं मिळाली आणि सगळ्यात गरजू जागा एमआयडीसीत निघाली. आता ५०० चौरस मीटरच्या वरचं प्रत्येक छप्पर डोळ्यांखालून घालतो.

मोफत मिळणाऱ्या उंचीच्या नकाशाचा चौकोन ३० मीटरचा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, त्यात असे साडेचार चौकोन बसतात. एवढ्यावर उताराचा आकडा देणं म्हणजे अंदाजपंचे. शहराचा ढाळ आणि नाल्यांचा माग याच्यापुरता तो नकाशा ठीक; प्लॉटचा उतार ड्रोनने किंवा लेव्हल लावूनच. क्षेत्रफळावरही जाऊ नये. ४०० मीटरच्या धावपट्टीला साधारण १७६ बाय ९२ मीटरचा आयत लागतो, तोही लांबी उत्तर-दक्षिण. सातबाऱ्यावर दोन हेक्टर असलेला ६० मीटर रुंदीचा पट्टा इथे बाद. खो-खोच्या २७ बाय १६ मीटरला मात्र तोच पट्टा छान.

ले-आउटमधला दहा टक्के ओपन स्पेस कागदावर हाताशी असतो. प्रत्यक्षात तो बहुधा उरलेला कोपरा असतो, उच्च दाबाच्या तारांखाली किंवा नाल्याला चिकटून. तापीकाठच्या घळींचंही तसंच : जमीन मोकळी दिसते, पण घळ दर पावसाळ्यात आत सरकते. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, मैदान चालेल. स्वच्छतागृह आणि पंपाची खोली तिथे नको. काळ्या जमिनीवर कोर्ट घालायचं तर मुरूम किती खोल आहे ते आधी बघा. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वरचं काँक्रीट तडकवते. यावल-चोपड्याकडच्या गाळाच्या पट्ट्यात मुरूम लागतच नाही. तिथे कबड्डीचं मातीचं मैदानच सुचवतो.

आणि ऊन. बाहेरच्या पुस्तकी निकषांत सावलीला शंभरात दोन-चार गुण असतात, आम्ही वीस सुचवतो. मे अखेरीस साडेबाराच्या सुमाराला सूर्य इथे अगदी डोक्यावर असतो, भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच संपते. पण मुलं येतात साडेपाचला. तेव्हा सूर्य क्षितिजावर जेमतेम २० अंश, पश्चिमेला जरा उत्तरेकडे झुकलेला. दहा मीटर उंचीची इमारत सत्तावीस-अठ्ठावीस मीटर सावली टाकते. म्हणून पश्चिमेला उंच इमारत असलेला प्लॉट आम्हाला आवडतो. झाडांसाठी सेंटिनेल-२ या उपग्रहाची मे महिन्याची चित्रं घेतो. रावेर-यावलकडे त्यात नकाशा हिरवागार होतो, कारण त्यात केळी असते. तीन वर्षांची चित्रं एकावर एक ठेवली की केळीचं वावर कधी ना कधी मोकळं दिसतं, निंब तिथेच असतो.

शेवटी गुण कशाला किती, हे नगरपालिकेच्या समितीने ठरवायचं. सहा निकषांची जोडी-जोडीने तुलना करायची तर पंधरा प्रश्न होतात. सभासद दहाव्यालाच चहा मागतात आणि उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. त्यापेक्षा शंभर गुण वाटायला देतो. मग प्रत्येक निकष दहाने वर-खाली करून पहिल्या तीन जागा टिकतात का ते पाहतो. टिकत नसतील तर तसं अहवालात लिहितो, पैसे कमी मिळाले तरी चालतील.

शेवटी प्रत्येक जागेवर दोन चकरा, एक भर उन्हात, एक पावसानंतर. फोनच्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर, हद्दीला ती चालत नाही, तिथे आरटीके, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत नेमकं मोजणारं जीपीएस. शेजारच्या टपरीवाल्याशी बोलायचं. “आठे पावसाळामा पानी भरस” (इथे पावसाळ्यात पाणी भरतं) असं दोघांनी वेगवेगळं सांगितलं, की क्यूफील्ड या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये फोटोसकट नोंद करून ती जागा बाद, गुण कितीही असोत. बाद जागांची यादी कारणासह अहवालाला जोडतो. नवे अध्यक्ष आले की तीच जागा पुन्हा निघतेच.